बदली बाईची नको, द्रावणाची हवी

(कामकरी स्त्रियांच्या आरोग्याविषयीच्या एका शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)

मी डॉक्टर नाही. भाषणाचीही मला सवय नाही. मी एकतीस वर्षं नर्सची नोकरी केली आणि त्यातली शेवटची वीस वर्षं दम्याचा पंप पर्समध्ये ठेवून केली. कामाच्या जागी वापरल्या जाणाऱ्या रसायनांमुळे होणाऱ्या अॅलर्जीच्या फुप्फुसविकारांबद्दल बोला, असं मला सांगितलं आहे. शब्द फार मोठे आहेत. मी साधं सांगते. कामामुळे आपला श्वास जातो, आणि तो कामामुळे गेला हे कुणी मान्य करत नाही. एवढाच आजचा विषय आहे.

मी मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात होते. नाव घेत नाही, कारण जे तिथे घडलं ते इतर किती ठिकाणी घडलं असेल, तुम्हीच विचार करा. १९९७ साली माझी दुर्बिणीच्या तपासणीच्या खोलीत नेमणूक झाली. पोटाची, आतड्याची तपासणी करायला जी लांब नळी घालतात ना, ती. स्कोपी रूम म्हणायचो आम्ही. मला आनंद झाला होता. रात्रपाळी नाही, रविवारी सुट्टी, मुलं लहान. सगळ्या जणी म्हणाल्या, नशीब काढलंस.

ही दुर्बीण उकळता येत नाही. ऑटोक्लेव्हमध्ये घातली तर खराब होते. म्हणून एका रोग्यानंतर दुसऱ्या रोग्यासाठी ती वापरायची तर रसायनात बुडवून जंतू मारायचे. आमच्याकडे त्यासाठी ग्लुटाराल्डिहाइडचं दोन टक्क्यांचं द्रावण असायचं. आम्ही नुसतं 'सोल्युशन' म्हणायचो. पाच लिटरचा कॅन फोडायचा, त्यात सोबतची पूड टाकायची, की ते पाण्यासारखं द्रावण हिरवट होतं आणि कामाला लागतं. मोठ्या ट्रेमध्ये ओतायचं. दुर्बीण धुऊन त्यात किमान वीस मिनिटं ठेवायची, काढायची, पाण्याने खळबळायची, पुढच्या रोग्याला द्यायची. दिवसाला वीस-पंचवीस रोगी. चौदा दिवस तेच द्रावण चालवायचं, मग बेसिनमध्ये ओतून द्यायचं आणि नवं करायचं.

खोली केवढी? आपल्या चाळीतल्या स्वयंपाकघराएवढी. एअरकंडिशन होतं, म्हणून खिडकी खिळे मारून बंद. ट्रेला झाकण होतं, पण दर वीस मिनिटांनी उघडायचं म्हणून ते बाजूलाच पडलेलं असायचं. वास कसा? सडक्या सफरचंदासारखा, उग्र. पहिले काही दिवस डोळ्यांतून पाणी आलं. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "होईल सवय." आणि खरंच, महिन्याभरात वास येईनासा झाला. मला वाटलं, सवय झाली. नाकाला सवय झाली होती हो. फुप्फुसाला झाली नव्हती.

कळायला दोन वर्षं लागली

पहिलं वर्ष काहीच नाही. दुसऱ्या वर्षी शिंका सुरू झाल्या. हातांना पुरळ. मग खोकला, तोही रात्रीचा. दिवसा ठीक असायचं, आणि रात्री दोन वाजता छातीत शिट्टी वाजायला लागायची. उठून बसायची, उशी पोटाशी धरायची. यजमान म्हणायचे, काहीतरी थंड खाल्लं असशील. सासूबाई म्हणाल्या, हिच्या माहेरचंच असणार, बापाला दमा आहे. आमच्याच रुग्णालयातल्या एका डॉक्टरांनी मला तपासलं आणि विचारलं, "घरी काही टेन्शन आहे का?" आता मला सांगा, नोकरी करणाऱ्या, दोन मुलं असणाऱ्या कुठल्या बाईच्या घरी टेन्शन नसतं? हो म्हटलं. झालं. टेन्शनची गोळी लिहून दिली.

दर वर्षी गणपतीला आम्ही कोकणात गावी जायचो, आठ-दहा दिवस. तिथे चुलीचा धूर, भाताच्या तुसाची धूळ, सगळं होतं. तरी मी रात्री शांत झोपायचे. मला वाटायचं, गावची हवाच ती! मुंबईत आले की आठवड्याभरात परत तेच. हा हिशेब माझ्या डोक्यात आला नाही. मी नर्स, रोग्यांचे चार्ट भरणारी, मला माझाच चार्ट वाचता आला नाही.

तो वाचला माझ्या वडिलांनी. वडील लालबागच्या एका कापडगिरणीत कार्ड खात्यात होते. कापूस पिंजून निघतो तिथे. आयुष्यभर ती धूळ खाल्ली. १९८२ च्या संपानंतर नोकरी गेली, छाती मात्र तशीच राहिली. एका शनिवारी रात्री मी माहेरी होते आणि मला उबळ आली. ते बाजूला येऊन बसले. म्हणाले, "बाय, सुट्टीच्या दिवशी कसं वाटतं?" मी म्हटलं, सोमवारी सकाळी जरा बरं असतं, मग चढत जातं, शनिवारी सगळ्यात वाईट. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "माझं सोमवारी व्हायचं. रविवारची सुट्टी झाली की सोमवारी खात्यात शिरलं की कुणी छातीवर बसल्यासारखं. मंगळवार-बुधवार उतरायचं. तुझं शनिवारी होतंय. पण दोघांचं दुखणं वार बघून येतंय. वार बघून येणारं दुखणं घरचं नसतं, कामाचं असतं."

सातवी शिकलेला माणूस. त्याला जे कळलं ते आमच्या रुग्णालयातल्या कुणाला कळलं नाही. कळलं नाही, की विचारलंच नाही? इटलीत रामाझ्झिनी नावाचा एक वैद्य होऊन गेला. १७०० साली त्याने कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. त्यात धोबिणी आहेत, सुइणी आहेत, धान्य चाळणारे आहेत. त्याने डॉक्टरांना सांगून ठेवलं होतं की रोग्याला इतर प्रश्न विचारता, त्यात आणखी एक घाला: तू काम काय करतोस? तीनशे वर्षं उलटून गेली. तुमच्यापैकी किती जणींना डॉक्टरांनी हा प्रश्न विचारला आहे? हात वर करा. बघा, किती कमी हात आहेत. आणि ज्या 'घरीच असते' म्हणतात त्यांना तर तो प्रश्न लागूच नाही, असं सगळे धरून चालतात.

नेमकं होतं काय

आता थोडं शास्त्र. मला छातीच्या विकारांच्या एका डॉक्टर बाईंनी समजावलं तसं सांगते.

धूर गेला, अॅसिडची वाफ गेली, तर कुणालाही ठसका लागतो. ती जळजळ. अॅलर्जीचं तसं नाही. काही पदार्थ असे असतात की ते रोज थोडे थोडे श्वासातून जातात आणि शरीर त्यांची शत्रू म्हणून ओळख करून ठेवतं. या ओळखीला काही आठवडे लागतात, कधी महिने, कधी वर्षं. तोवर काहीच त्रास नसतो. म्हणूनच मालक म्हणतो, "इतकी वर्षं काम केलं, तेव्हा नाही झालं?" पण एकदा ओळख पटली की मग थोडीशी वाफही पुरते. श्वासनळीचा आतला पडदा सुजतो, नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, चिकट कफ धरतो. हा झाला कामाचा दमा. पुष्कळदा तो कामावर असताना येत नाही, चार-आठ तासांनी येतो, म्हणजे घरी, रात्री. त्यामुळे संशय घरावर जातो, अंथरुणावर जातो, बाईच्या मनावर जातो. कामावर जात नाही.

सगळ्यांनाच होत नाही, हेही खरं. एका खोलीत पाच जणी असतील तर एखाद-दोघींनाच होईल. लगेच म्हणतात, "बाकीच्यांना कसं नाही? हिचीच प्रकृती नाजूक." अहो, पुलावरून दहा जण गेले आणि अकरावा पडला, तर आपण पूल बघायचा की अकराव्याची प्रकृती?

दुसरा एक प्रकार आहे. त्यात नळ्या नाही, फुप्फुसाच्या अगदी आतल्या हवेच्या पिशव्याच सुजतात. ताप, अंगदुखी, कोरडा खोकला, दम. फ्लू झाला असं वाटतं. दोन दिवसांत उतरतो, परत कामावर गेलं की परत. असं वर्षानुवर्षं चाललं तर फुप्फुस निबर होतं, आणि ते मग परत मऊ होत नाही. बुरशी धरलेल्या उसाच्या चोथ्याच्या धुळीने होतो त्याला बगॅसोसिस म्हणतात. साखर कारखान्यांच्या आपल्या महाराष्ट्रात हा शब्द आपल्याला ठाऊक हवा. फोम आणि रंगांच्या कामातली आयसोसायनेट नावाची रसायनं दमाही करतात आणि क्वचित हा प्रकारही. आयसोसायनेट हा शब्द १९८४ साली भोपाळमुळे आपल्या कानांवर पडला. त्याच कुळातली भावंडं कारखान्यांत रोज वापरली जातात, हे मात्र कुणी सांगितलं नाही.

आता मुख्य गोष्ट. पंपाने त्रास कमी होतो, पण कारण तसंच राहिलं तर आजार आत वाढत राहतो. जितक्या लवकर त्या पदार्थापासून लांब जाल तितकी बरं होण्याची शक्यता जास्त. उशीर झाला की काम सोडूनही दमा राहतो. लांब गेलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांशच पूर्ण बरे होतात असं अभ्यास सांगतात. मी त्या एक तृतीयांशात नाही. आणि हे फार दुर्मीळ दुखणं आहे असं समजू नका. मोठ्या वयात होणाऱ्या दम्यापैकी साधारण १५ टक्के दम्यात कामाचा वाटा असतो, असा अंदाज अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २००३ साली मांडला.

वही

त्या डॉक्टर बाईंनी मला रामाझ्झिनीचा प्रश्न विचारला आणि एक साधं यंत्र दिलं. पीक फ्लो मीटर. प्लास्टिकची नळी, तिच्यावर काटा. जोरात फुंकायचं, काटा सरकतो, आकडा वाचायचा. तीनदा फुंकायचं आणि मोठा आकडा लिहायचा. वीज नको, डॉक्टर नको. त्या म्हणाल्या, दिवसातून निदान चार वेळा लिहा. कामाचे दोन-तीन आठवडे लिहा, आणि सुट्टीचेही लिहा. बाजूला दुसरं काही नको, फक्त त्या वेळी कुठे होतात ते.

मी मुलाची जुनी शंभर पानी वही घेतली. सुट्टीत माझा आकडा ४०० च्या आसपास असायचा. कामाच्या आठवड्यात शुक्रवार-शनिवारी रात्री तो २५० पर्यंत यायचा. जुनं द्रावण ओतून नवं करायचं, त्या दिवशी तर त्याहून खाली. त्या वहीत मोठा शब्द एकही नव्हता. पण जेव्हा डॉक्टर बाईंनी ते आकडे आलेखावर काढले तेव्हा सहा दिवस उतार, एक दिवस चढ, सहा दिवस उतार, असे दात दिसले, करवतीसारखे. मला रडू आलं. वाईट वाटून नाही. दोन वर्षं मला जे वाटत होतं ते खरं होतं म्हणून. माझं डोकं फिरलं नव्हतं.

बायांनो, ही वही लक्षात ठेवा. आपल्या तोंडी शब्दाला किंमत देत नाहीत. तारीख, वेळ आणि आकडा लिहिलेल्या वहीला 'टेन्शन' म्हणता येत नाही.

बदली

ती वही आणि डॉक्टरांचं पत्र घेऊन मी मेट्रनबाईंकडे गेले. त्या वाईट नव्हत्या. प्रशासनाशी बोलल्या. आठ दिवसांत ऑर्डर आली: माझी बदली बाह्यरुग्ण विभागात. सगळ्यांनी अभिनंदन केलं. मी पेढे वाटले, खरंच वाटले. २००० सालची गोष्ट.

आता जे सांगते ते मी बरीच वर्षं कुठे बोलले नव्हते.

ऑर्डर आली म्हणून खोली बंद झाली नव्हती. ट्रे तिथेच होता. माझ्या जागी नवीन सिस्टर आली, पण द्रावणाचं काम तिने घेतलं नाही. ती हुशार होती, माझं ऐकलेलं होतं. मग ते काम कुणाकडे गेलं? मावशींकडे. रुग्णालयात मावशी म्हणजे आया, तुम्हाला माहीत आहे. ठेकेदाराकडून आलेल्या, नवऱ्याने टाकलेल्या, सातारा जिल्ह्यातल्या. पस्तिशीच्या असतील. आणि त्यांना काम शिकवायला कुणाला बोलावलं? मला. दोन दिवस मी त्यांना शिकवलं. किती पूड घालायची, कशी मिसळायची, पट्टी बुडवून द्रावणाचा जोर कसा तपासायचा. हातमोजे घाला म्हटलं, तोंडाला मास्क लावा म्हटलं. ते हातमोजे लेटेक्सचे होते, त्यातून हे रसायन झिरपतं. तो मास्क ऑपरेशनचा होता, तो थुंकीचे थेंब अडवतो, वाफ अडवत नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण माझी छाती कशाने गेली ते माहीत होतं ना? तेवढं मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं तर त्या काम सोडतील आणि मला परत तिथे पाठवतील, अशी भीती मला वाटली. ही माझी चूक मी आज तुमच्यापुढे ठेवते.

दहा महिन्यांनी मावशी खोकायला लागल्या. एक दिवस जिन्यात भेटल्या, कठडा धरून उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "सिस्टर, तुमाला बी असंच व्हायचं का?" मी हो म्हटलं. त्या एवढंच म्हणाल्या, "मग शिकवताना बोलला असता तर." रागावून नाही हो. साधं म्हणाल्या.

त्यांची बदली झाली नाही. ठेक्याच्या बाईची बदली होत नाही, तिला उद्यापासून येऊ नको म्हणतात. तसंच म्हटलं. माझ्याकडे वही होती, डॉक्टरांचं पत्र होतं, कायम नोकरी होती, युनियन होती. मावशींकडे यातलं काहीच नव्हतं. हजेरीपटावर त्यांचं नाव ठेकेदाराच्या खात्यात, आणि ठेकेदार म्हणाला, सफाईचं काम दिलं होतं, रसायनाचं दिलंच नव्हतं. कागदावर ते खरंच होतं.

मग आम्ही काय केलं

मावशी गेल्यावर माझ्याने राहवेना. आम्ही चार जणी बसलो. दोन सिस्टर, एक एक्सरेमधल्या बाई, एक आया. एक्सरेवाल्यांनाही त्या काळी फिल्म धुण्याच्या रसायनांचा असाच त्रास. प्रत्येकीने आपापल्या खात्यात विचारलं: कुणाला खोकला आहे, कधीपासून, सुट्टीत कसा असतो. एवढेच तीन प्रश्न. महिन्याभरात अकरा नावं झाली. त्यातल्या सात बायका म्हणाल्या, आम्ही कुणाला बोललो नव्हतो. का? एकीचं लग्न ठरायचं होतं. पंप लागतो म्हटलं तर स्थळ जाईल. एकीला कायम व्हायचं होतं.

युनियनच्या सभेत हा विषय काढला तेव्हा एक कार्यकर्ते चांगल्या हेतूने म्हणाले, "बायकांना अशा कामावर ठेवूच नये, अशी मागणी करू." टाळ्याही पडल्या. मी उभी राहिले. म्हटलं, मग तिथे वॉर्डबॉय जाईल. त्याला फुप्फुसं नाहीत का? आणि आज या खोलीतून बाईला काढाल, उद्या त्या खात्यातून काढाल, मग बाईला काम उरेल कुठलं? अमेरिकेत बॅटरीच्या एका कारखान्याने शिशाचा धोका आहे म्हणून मूल होऊ शकणाऱ्या बायकांना कामावरून दूर ठेवलं होतं. १९९१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं. संरक्षणाच्या नावाने बाईला बाहेर काढायचं आणि जागा होती तशीच विषारी ठेवायची, हा जुना डाव आहे. बदली बाईची नको. बदली द्रावणाची हवी.

तेव्हा आमच्या मागण्या अशा ठरल्या. पहिली, जी हत्यारं ऑटोक्लेव्हमध्ये जाऊ शकतात ती द्रावणात बुडवायची नाहीत. निम्मं काम तिथेच कमी झालं, कारण सोय म्हणून कशालाही ट्रे दाखवला जात होता. दुसरी, झाकण घट्ट आणि ट्रेच्या पातळीला ओढून घेणारा पंखा. भिंतीत उंचावर लावलेला पंखा काय करतो, तर वाफ आपल्या तोंडावरून ओढून नेतो. तिसरी, नायट्राइलचे लांब हातमोजे. चौथी, वापरलेलं द्रावण निष्प्रभ केल्याशिवाय बेसिनमध्ये ओतायचं नाही. पाचवी, पर्यायी पद्धत आणायची. सहावी, जो कुणी हे काम करेल, कायम असो की ठेक्याचा, त्याची छाती आधी तपासायची आणि दर वर्षी तपासायची.

दोन वर्षं गेली. अर्ज, मोर्चा नाही पण धरणं, पुन्हा अर्ज. ब्रिटनमध्ये २००० नंतरच्या वर्षांत रुग्णालयांतून हे द्रावण जवळजवळ हद्दपार झालं. तिथे हवेतली कमाल मर्यादा दहा लाख भागांत ०.०५ भाग एवढी कमी आहे. माणसाच्या नाकाला वास येतो तोच साधारण ०.०४ भागाला. म्हणजे वास आला की मर्यादा येऊन ठेपलीच. ही माहिती आम्ही मराठीत लिहून नोटीस बोर्डावर लावली. कुणीतरी फाडली. आम्ही परत लावली.

शेवटी खिडकी उघडली, पंखा आला, झाकण आलं, हातमोजे आले. पुढे द्रावणही बदललं. नवं द्रावणही पूर्ण निर्धोक नाही, हे मी सांगून ठेवते. त्याच्या जागी येणाऱ्या ऑर्थोफ्थालाल्डिहाइडची वाफ कमी, पण अॅलर्जी त्यानेही होऊ शकते. म्हणून 'नवीन आहे, सुरक्षित आहे' यावर विसंबू नका. झाकण आणि पंखा त्यालाही लागतो.

एक चांगलं उदाहरण सांगते. एड्सच्या भीतीने १९८० नंतर जगभर दवाखान्यांत पावडर लावलेल्या लेटेक्सच्या हातमोज्यांचा वापर प्रचंड वाढला. त्या पावडरीबरोबर लेटेक्स हवेत उडायचं आणि नर्सना दमा व्हायचा. जर्मनीने १९९० च्या दशकाच्या शेवटी पावडरचे हातमोजे बंद केले आणि नव्या दम्याच्या केसेस झपाट्याने घटल्या. अमेरिकेत ही बंदी २०१७ साली आली. तिथे नर्सना बदललं नाही. हातमोजे बदलले.

आपल्या गावात, आपल्या वस्तीत

तुम्ही म्हणाल, हे रुग्णालयाचं झालं. आमचं काय? तर बघा. पार्लरमध्ये केस ब्लीच करायची पूड, तिच्यातल्या परसल्फेटने दमा होतो. बेकरीत आणि पिठाच्या गिरणीत पीठ. इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात मुली झारण मारतात, तेव्हा निघणारा राळेचा धूर. कोकणच्या किनाऱ्यावर कोळंबी सोलणाऱ्या बायका, त्यांना कोळंबीच्या वाफेने आणि तुषारांनी. आणि घरकामगार बायका. बाथरूम घासताना ब्लीचिंग पावडर आणि अॅसिड एकत्र करतात, त्यातून क्लोरीन निघतो. दार बंद करून, वाकून. सफाईचं काम वर्षानुवर्षं करणाऱ्या बायकांत दम्याचं प्रमाण जास्त असतं, हे आता बऱ्याच देशांतल्या अभ्यासांनी दाखवलं आहे.

कायदा आहे का? आहे. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यावसायिक रोगांची यादी होती. तिच्या 'ब' भागात कामातल्या पदार्थांच्या अॅलर्जीने होणारा दमा आहे, 'क' भागात गिरणीतल्या कापसाच्या धुळीचा बिसिनोसिस आणि बगॅसोसिस आहे. म्हणजे माझ्या वडिलांचा आजार आणि माझा आजार, दोन्ही त्या यादीत होते. आम्हा दोघांनाही कुणी सांगितलं नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही व्यावसायिक रोगांची यादी ठेवली आहे. १९९५ साली अॅस्बेस्टॉसच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचं आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला, निवृत्तीनंतरसुद्धा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२२ साली सुरक्षित कामाची जागा हा मूलभूत हक्कांत घेतला. कागदावर आपण श्रीमंत आहोत. पण यादीतला रोग आपल्याला आहे हे लिहून देणारा डॉक्टर लागतो, आणि आपण तिथे काम केलं हे लिहून देणारा मालक लागतो. ठेक्याच्या बाईचं घोडं तिथेच अडतं. म्हणून हजेरीचा पुरावा, ओळखपत्र, पगाराची चिठ्ठी, काहीही असो, जपून ठेवा. कॅनवरचं लेबल उतरवून घ्या. रसायनाचं सुरक्षा माहितीपत्रक मागा.

आणि मैत्रिणींनो, आपल्या गटाच्या आरोग्य-शिबिरांत आपण रक्त तपासतो, अंगावरून जाण्याबद्दल विचारतो. ते हवंच. त्यात हे चार प्रश्न घाला. काम काय करता? खोकला-दम हे काम धरल्यानंतर सुरू झालं का? सुट्टीत, गावी गेल्यावर बरं वाटतं का? तुमच्याबरोबरच्या आणखी कुणाला होतं का? चारपैकी दोनांचं उत्तर 'हो' आलं तर त्या बाईच्या हातात वही द्या आणि तिला छातीच्या डॉक्टरकडे न्या. एकटी पाठवू नका, बरोबर जा. नोकरी लगेच सोडायला मात्र सांगू नका. तो निर्णय तिचा. तिच्या घरची चूल आपण पेटवणार नाही.

मावशी आता गावी असतात. दोन वर्षांपूर्वी मी त्यांना भेटायला गेले होते. चुलीपुढे बसवत नाही, सून करते सगळं. मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "आता कशाला. बसा, चहा घ्या." मग जाताना त्यांनी विचारलं, "त्या खोलीत आता कोन हाय?"

मला त्या प्रश्नाचं उत्तर देता आलं, कारण तोवर खिडकी उघडलेली होती. पण आपल्या आजूबाजूला अशा किती खोल्या आहेत, ज्यांच्या खिडक्या अजून खिळे मारून बंद आहेत? आपल्यापैकी एकीची सुटका झाली की आपण पेढे वाटतो. यापुढे पेढे वाटण्याआधी मावशींचा प्रश्न विचारू या: त्या खोलीत आता कोण आहे?